चित्रातले काय ठेवायचे, काय टाकायचे?

पनवेलमधल्या एखाद्या महिला बचत गटाने पापड, कुरडया आणि कोकम विकण्यासाठी इंटरनेटवर दुकान काढले आहे, असे समजू. वीस जिनसा, प्रत्येकीचा एक फोटो. फोटो मोबाइलवर काढलेले, अगदी स्पष्ट. दुकान उघडले, पण गिऱ्हाईक थांबेना. कारण शोधू लागल्यावर कळले, की प्रत्येक फोटो सुमारे ३० लाख बाइटचा आहे. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे वीस फोटोंचे झाले ४८ कोटी बिट. माथेरानच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीत मोबाइलला सेकंदाला जेमतेम १० लाख बिट मिळत असतील, तर हे पान पूर्ण दिसायला ४८० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे लागतील. पापडाच्या चित्रासाठी आठ मिनिटे कोण थांबेल?

हेच फोटो नीट तयार केले, तर तेच पान १० सेकंदांच्या आत उघडते आणि पाहणाऱ्याला फरक सहसा कळतही नाही. हे कसे घडते? त्यामागचा इतिहास शिक्षकांनी जरूर माहीत करून घ्यावा असा आहे.

ब्लॉकचे दिवस

पनवेलचा माल दूरवर जाणे काही नवे नाही. १८७२ साली येथे सुरू झालेल्या धूतपापेश्वरच्या आयुर्वेदिक औषधांमुळे या गावाचे नाव दूरदूर पोहोचले. मात्र मालाचे चित्र दूरच्या माणसाला दाखवायचे, तर त्या काळी ते छापावे लागे; आणि छापखान्याच्या शाईला काळे किंवा पांढरे एवढेच ठाऊक असते, मधल्या करड्या छटा नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोनच्या युक्तीने ही अडचण सुटली. चित्राचे लहानमोठे ठिपके करायचे. गडद जागी मोठे, फिकट जागी बारीक. दुरून पाहिले की डोळा ते ठिपके मिसळून टाकतो. या तंत्रात कोलकात्याचे उपेंद्रकिशोर राय यांनी मोलाचे संशोधन केले. चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांचे हे आजोबा.

शाळेच्या वार्षिकांकासाठी ज्यांनी ब्लॉक करून घेतले असतील, त्यांना आठवेल, की ब्लॉक करणारा आधी कागद कोणता ते विचारी. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचात ६५ ओळींच्या आसपासची जाळी पुरे, गुळगुळीत आर्ट पेपरला १३३ किंवा अधिक. खरबरीत कागदावर बारीक जाळी वापरली, तर शाई पसरून चित्र उलट बिघडे. जिथे चित्र दिसणार आहे तिथे मावेल एवढाच तपशील द्यायचा, हा धडा छापखान्यांनी तेव्हाच घेतला होता.

नाकारलेला अर्ज

संगणकासाठी चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. ८०० ठिपके रुंद आणि ६०० ठिपके उंच चित्रात ४,८०,००० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे, म्हणजे १४,४०,००० बाइट. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणाऱ्या मोडेमवरून हे एक चित्र यायला २० मिनिटे लागली असती. सुदैवाने तोवर उपाय निघालेला होता.

तो उपाय शोधणाऱ्यांत प्रमुख होते नासिर अहमद. जन्म १९४० सालचा, बंगळूरचा. अभियांत्रिकीचे शिक्षण तिथेच घेऊन ते १९६१ साली अमेरिकेत गेले. कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना, १९७२ साली, त्यांनी कोसाइन या त्रिकोणमितीतल्या फलाचा उपयोग करून माहिती आटवण्याची कल्पना मांडली आणि अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. अर्ज नाकारला गेला. कल्पना फारच सोपी वाटते, असा एका परीक्षकाचा अभिप्राय होता, असे अहमद यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन हा त्यांचा विद्यार्थी आणि टेक्सासमधले त्यांचे मित्र के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते पुरे केले. जानेवारी १९७४ मध्ये तिघांचा जेमतेम चार पानांचा लेख प्रसिद्ध झाला. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही ती पद्धत.

वर्गात करून पाहा

या पद्धतीचा गाभा सातवीच्या मुलालाही समजेल. फळ्यावर शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांच्या उजळपणाचे आकडे लिहा: १०२ आणि १०४. आता त्याऐवजी सरासरी आणि तिच्यापासूनचे अंतर लिहा: १०३ आणि १. माहिती तीच, पण सगळा भार पहिल्या आकड्यावर आला. दुसरा आकडा इतका लहान आहे, की तो शून्य धरला तरी दोन्ही ठिपके १०३ होतील आणि डोळ्याला पत्ताही लागणार नाही. मात्र आकडे २० आणि २२० असतील, तर अंतर १०० येते. ते टाकून चालणार नाही, कारण तिथे वस्तूची कड आहे.

अहमद यांची पद्धत हेच मोठ्या प्रमाणावर करते. चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे ठोकळे पाडायचे. ठोकळ्यातले ६४ आकडे ६४ ठराविक नक्ष्यांच्या मिश्रणात मांडायचे, सपाट नक्षीपासून अगदी बारीक चौकटीपर्यंत. नेहमीच्या फोटोत शेजारचे ठिपके सारखेच असल्याने पहिल्या काही नक्ष्यांतच बहुतेक चित्र येते. बारीक नक्ष्यांचे आकडे ढोबळ केले, की त्यांतले पुष्कळसे शून्य होतात. रंगातले बारीक फरक डोळ्याला उजळपणातल्या फरकांपेक्षा कमी कळतात, म्हणून रंगाचा तपशील आणखी कमी ठेवता येतो.

उरलेले आकडे थोडक्यात लिहायचे कसे? त्याचे उत्तर एका विद्यार्थ्याने दिले होते. १९५१ साली अमेरिकेच्या एमआयटीमध्ये रॉबर्ट फॅनो या प्राध्यापकांनी मुलांना अंतिम परीक्षा किंवा निबंध अशी निवड दिली. डेव्हिड हफमनने निबंध घेतला. वारंवार येणाऱ्या खुणेला आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्या खुणेला लांब संकेत द्यायचे, तर एकूण लांबी कमीत कमी कशी होईल, हा त्यातला प्रश्न होता. खुद्द शिक्षकांच्या पद्धतीपेक्षा सरस पद्धत त्याने शोधली. ती १९५२ साली प्रसिद्ध झाली.

१९८६ साली जमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने या सर्वांची सांगड घातली आणि १९९२ साली ‘जेपेग’ हे मानक मंजूर झाले. आपले १४,४०,००० बाइटचे चित्र त्यात सुमारे ६०,००० बाइटमध्ये बसते. २० मिनिटांऐवजी ५० सेकंद! २०१० साली आलेल्या वेबपीमध्ये आणि त्यानंतरच्या एव्हिफमध्येही ठोकळ्यांची आणि कोसाइनची कल्पना कायम आहे. चित्र मात्र आणखी हलके होते.

पुन्हा पनवेलच्या दुकानात

आता बचत गटाने काय करावे ते उघड आहे. पडद्यावर चित्र ८०० ठिपके रुंद दिसणार असेल, तर ४,००० ठिपके रुंद फोटो पाठवण्यात अर्थ नाही. आधी आकार कमी करावा, मग गुणवत्तेचा आकडा थोडा थोडा उतरवत प्रत्येक वेळी चित्र डोळ्याने तपासावे. थांबायचे कुठे, हे जिनसेवर ठरते. पापडाला पुष्कळ ढोबळपणा चालतो. पैठणीच्या जरीला चालत नाही. आलेली साडी चित्राहून वेगळी दिसली, तर गिऱ्हाईक ती परत पाठवते. सर्वांत अधिक जपावे बाटलीवरच्या चिठ्ठीला. अक्षरांच्या कडा तीव्र असल्याने जास्त आटवलेल्या चित्रात त्यांच्याभोवती डाग उठतात, आणि औषधाची मात्रा किंवा वापराची अंतिम तारीख वाचता आली नाही, तर चित्र हलके असून काय उपयोग? तो मजकूर शब्दांतही लिहावा. शब्दांचा भार नगण्य असतो.

विद्यार्थ्यांना असा एक प्रयोग जरूर द्या. औषधाच्या बाटलीचा एकच फोटो पाच वेगवेगळ्या गुणवत्तांत साठवायचा, प्रत्येकाचे बाइट लिहून ठेवायचे आणि चिठ्ठीवरचे शेवटचे अक्षर कोणत्या चित्रापर्यंत वाचता येते ते नोंदवायचे. एखादा विद्यार्थी त्यावरून भलताच सोपा वाटणारा प्रश्न विचारील. तो लगेच खोडून काढू नका.