ॲसिडिटी की हार्ट अटॅक? महिलांमध्ये निदानाला उशीर का होतो?

रात्रीच्या जेवणानंतर छातीत जळजळ, मळमळ, दरदरून घाम आणि पाठीत दुखणं. घरातली बाई ॲसिडिटीची गोळी घेते आणि उरलेली कामं आवरायला लागते. बऱ्याचदा तो पित्ताचा त्रास असतोही. पण कधीकधी ती हार्ट अटॅकची सुरुवात असते.

लक्षणं कोणती?

छातीत दुखणं हे पुरुषांप्रमाणेच महिलांमध्येही सर्वाधिक आढळणारं लक्षण आहे. मात्र ते नुसता दाब किंवा जडपणा म्हणूनही जाणवू शकतं. धाप लागणं, मळमळ, जबडा, मान किंवा पाठ दुखणं आणि कधी नव्हे इतका थकवा ही लक्षणं महिलांमध्ये तुलनेने जास्त दिसतात. काहींच्या छातीत दुखतच नाही.

उशीर का होतो?

हृदयविकार हा पुरुषांचा आजार, असा समज घरात आणि दवाखान्यातही असतो. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडीन हीली यांनी १९९१ मध्ये याला 'येंटल सिंड्रोम' असं नाव दिलं. स्त्रीचा आजार पुरुषासारखा दिसला, तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात, असा त्याचा अर्थ.

धोका कोणाला जास्त?

पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होतं आणि धोका वाढतो. हाय बीपी, डायबिटीस, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू ही मोठी कारणं. मिश्री म्हणजेही तंबाखूच. गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली असेल, तर बाळंतपणानंतर ती नॉर्मल झाली तरी पुढे हृदयविकाराचा धोका जास्त राहतो. त्यामुळे तपासणीच्या वेळी डॉक्टरांना हे आवर्जून सांगायला हवं.

काय करायचं?

बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल नियमित तपासा. आठवड्यात किमान १५० मिनिटं भरभर चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभरातलं मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवा. तंबाखू सोडा.

वरची लक्षणं अचानक जाणवली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ वर फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. हॉस्पिटलमध्ये ईसीजी लगेच काढायला सांगा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी हार्ट अटॅक नाही असं ठरत नाही. त्यासाठी ट्रोपोनिन ही रक्ततपासणी आणि गरजेनुसार पुन्हा ईसीजी करतात. रक्तपुरवठा जितका वेळ बंद, तितका हृदयाचा स्नायू जास्त निकामी होतो. गेलेला स्नायू परत येत नाही.