तुऱ्हाटीचं विमान

दिग्रसला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कथलाचा वास, उघडे पडलेले रेडिओ आणि कुठल्यातरी स्टेशनची खरखर, यातच माझं लहानपण गेलं. १९८२ च्या संक्रांतीच्या सुमारास मी आणि माझ्या एका मित्रानं विमान बनवलं. अंगाला तुऱ्हाटी, पंखांना बांबूच्या कमच्या, वर पतंगाचा कागद. डब्याचा पत्रा कापून पंखा केला आणि सायकलच्या ट्यूबची चिंधी पिळून तो फिरवला. विमान नाक वर करायचं, थबकायचं आणि शेपटीवर आपटायचं.

अब्बा दुकानातून बघत होते. ते उठून आले, पंखांखाली दोन बोटं धरून त्यांनी विमान तोललं आणि म्हणाले, "नाक हलकं आहे याचं." मग कथलाची तार नाकावर चार वेढे गुंडाळून दिली. त्या खेपेला आमचं विमान ओट्यावरून निघालं ते रस्त्यापलीकडच्या कडुनिंबापर्यंत गेलं. आम्ही नाचलो. अब्बा म्हणाले, "उडालं खरं, पण ते तुमचं ऐकत नाही. ऐकायला त्याच्यात रेडिओ पाहिजे." आम्हाला हसू आलं. रेडिओ आपण ऐकायचा असतो, विमान कसं ऐकेल? जगात असं ऐकणारी विमानं तेव्हाही होती आणि अब्बांना ते ठाऊक असावं. आम्हाला ते कळायला पुष्कळ वर्षं लागली.

आमच्यासारखाच रबराचा पीळ एका फ्रेंच तरुणानं शंभरावर वर्षं आधी वापरला होता. त्याचं नाव आल्फोन्स पेनो. कमरेच्या सांध्याच्या आजारानं तो कुबड्यांवर चालायचा. १८७१ साली पॅरिसच्या एका बागेत त्यानं रबरावर चालणारं छोटं विमान जाणकारांसमोर उडवून दाखवलं. ते अकरा सेकंद हवेत राहिलं आणि न डगमगता गेलं. वजन कुठे असावं आणि शेपूट कोणत्या कोनात असावी, याचं गणित त्यानं मांडलं होतं. १८७८ च्या सुमारास अमेरिकेत राइट नावाच्या एका पाद्रीबाबांनी आपल्या दोन मुलांसाठी बांबू, बूच, कागद आणि रबराचं एक उडतं खेळणं आणलं. त्याची कल्पनाही पेनोच्या रचनेवरूनच आलेली होती. ते मोडलं तेव्हा मुलांनी स्वतः दुसरं बनवलं. त्या विल्बर आणि ऑर्व्हिलनं पुढे १९०३ मध्ये काय केलं, ते आपण शाळेत शिकलो आहोत.

इथे कुणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव काढणारच. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर माणूस नसलेलं विमान उडवलं, ही कथा मराठी माणसाला प्रिय आहे. मलाही ती आवडते. मात्र त्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा हाती नाही. या कथेसोबत ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो, तो ग्रंथ बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असं त्यांना आढळलं. मी कवी आहे, कल्पनेचं मोल जाणतो. पण विमानाच्या नाकावर चार वेढे द्यावे लागतात आणि ते कल्पनेचे असून चालत नाहीत.

आता ऐकण्याची गोष्ट. १८९८ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात निकोला टेस्लानं पाण्याच्या हौदात छोटी बोट सोडली आणि तारेशिवाय, दुरूनच ती वळवून दाखवली. लोक चकित झाले. काहींना वाटलं, ही जादूच आहे. आज मैदानात हातात पेटी धरून उभं राहणारं प्रत्येक पोर त्या बोटीचं देणं लागतं. विमानाची पाळी पुढे आली. १९३७ साली अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी आठ फूट पंखांचं 'बिग गफ' नावाचं विमान रेडिओवर उडवलं. ते आज तिथल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. गुड बंधू हौशी होते. हवेत जाऊन लांब निघून गेलेलं विमान परत आपल्याकडे यावं, एवढीच कुठल्याही हौशाची इच्छा असते.

पण दुरून हुकूम मानणारी वस्तू सैन्याच्या नजरेतून सुटत नाही. ब्रिटिशांनी १९३५ मध्ये 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी, नावाचं बिनवैमानिकाचं विमान तयार केलं. तोफांच्या नेमबाजीला हवेत निशाण हवं होतं. ड्रोन म्हणजे नरमाशी. हा शब्द त्या राणीमाशीवरूनच रूढ झाला, असं मानतात. हॉलिवूडमध्ये रेजिनाल्ड डेनी नावाचा एक नट मॉडेल विमानांचा शौकीन होता. त्यानं आधी अशा विमानांचं दुकान काढलं, मग कारखाना, आणि दुसऱ्या महायुद्धात त्या कारखान्यानं सैन्याला सुमारे पंधरा हजार निशाणी विमानं पुरवली. १९४५ साली तिथे काम करणाऱ्या एका मुलीचा फोटो सैन्याच्या छायाचित्रकारानं काढला. नॉर्मा जीन तिचं नाव. जगानं तिला पुढे मेरिलिन मन्रो म्हणून ओळखलं.

या हौसेला सुटसुटीत रूप दिलं ते ट्रान्झिस्टरनं. काचेचे व्हॉल्व्ह आणि जड बॅटऱ्या गेल्या, विमानं हलकी झाली. तरी एक अडचण होती. मैदानात दोघांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर पेटी चालू केली, की विमानाला दोन मालक व्हायचे आणि ते जमिनीत घुसायचं. म्हणून मैदानात एक फळी असायची. आपल्या फ्रिक्वेन्सीची चिमटी त्या फळीवर असेल तरच पेटी चालू करायची, असा शिरस्ता होता. पुढे २.४ गिगाहर्ट्झच्या पेट्या आल्या. त्यात विमानाचा रिसीव्हर फक्त आपल्याच पेटीची खूण ओळखतो. दहा जणांच्या गर्दीत आईची हाक पोराला कळावी, तसं हे आहे.

२००३ च्या ऑगस्टमध्ये मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थांनी बनवलेलं बाल्सा लाकडाचं विमान कॅनडाच्या किनाऱ्यावरून निघालं. जवळजवळ ३९ तासांत सुमारे तीन हजार किलोमीटर तोडून ते आयर्लंडला उतरलं. वजन पाच किलो, आणि तेही इंधन धरून. उड्डाण आणि उतरणं माणसाच्या हातातल्या पेटीवर झालं, मधला समुद्र यंत्रानं उपग्रहाच्या मदतीनं पार केला. तेव्हा हिल ७७ वर्षांचे होते आणि त्यांना जवळपास दिसत नव्हतं.

दिसत नव्हतं, हे वाचलं की मला माझा तो मित्र आठवतो.

आमची शाळा संपली. मी बी.ए. झालो, तो मजुरीला लागला. २०१७ चा पावसाळा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला कुणी विसरू नये. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. मजूर तिच्यात शिरून फवारणी करायचे आणि उडालेलं औषध अंगावर, तोंडावर, डोळ्यांत यायचं. बहुतेकांकडे ना मास्क होता, ना हातमोजे. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले. शेकड्यांनी दवाखान्यात दाखल झाले. कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. माझा मित्र त्यांच्यात होता. तो वाचला, पण नजर पूर्ववत झाली नाही.

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा त्याचं फोमचं विमान घेऊन तूर निघालेल्या शेतात आला. सोबत मी होतो, मित्रही होता. विमान डोक्यावरून गेलं. त्याला ते ठिपक्यासारखं दिसत असावं, पण आवाजावरून तो मान बरोबर फिरवत होता. मग म्हणाला, "याले फवारनीचा पंप बांधता येते का रे?"

बांधता येतो, बांधलाही आहे. जपानच्या यामाहा कंपनीनं १९८७ मध्येच भातशेतीवर औषध फवारणारं, रेडिओवर चालणारं छोटं हेलिकॉप्टर आणलं होतं. आपल्याकडे २०२१ मध्ये ड्रोनचे नवे नियम आले आणि त्याच वर्षी ड्रोननं फवारणी कशी करायची, याची कार्यपद्धतीही आली. २०२३ मध्ये महिलांच्या पंधरा हजार बचत गटांना ड्रोन देण्याची योजना जाहीर झाली. दहा लिटरची टाकी घेतलेलं यंत्र आठ-दहा मिनिटांत एकर उरकतं, आणि माणूस बांधावर उभा असतो. म्हणजे पेनोच्या पिळापासून निघालेलं खेळणं तोफांचं निशाण होऊन शेवटी पऱ्हाटीवर आलं.

हे मी मित्राला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मंग आमच्या रोजीचं काय?"

मित्रहो, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. ड्रोन आला तरी टाकीत औषध कालवायला माणूसच लागतो. कमी पाण्यात ते औषध अधिक जहाल असतं. वारा सुटला तर ते शेजारच्या विहिरीवर जातं. पंप पाठीवर घेणाऱ्याचा जीव वाचेल, पण त्याची चूल त्या पंपावर पेटत होती. ही पेटी मजुराच्या हातात द्यायची, त्याला शिकवायचं, की तो पंपासोबतच शेताबाहेर जाणार, हे कुठलंही यंत्र ठरवत नाही. ते आपण ठरवायचं आहे. विमानानं ऐकावं म्हणून माणसांनी सव्वाशे वर्षं खटपट केली. बांधावरच्या या माणसाचं ऐकायला त्याहून कमी वेळ लागावा.

दुपारी भाच्यानं बॅटरी बदलली. विमान निघालं, नाक वर करून थबकलं आणि शेपटीवर पडलं. पोरगं पेटीशी खटपट करत राहिलं. मित्र चाचपडत विमानापाशी गेला, पंखांखाली दोन बोटं घालून त्यानं ते उचललं आणि म्हणाला, "नाक हलकं हाय याचं. बॅटरी पुढं सरकव."