बंदुकीनंतर भिंग

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं उपनगरें ज्या साष्टी बेटावर वसलीं, तेथील पक्ष्यांची सविस्तर नोंद सलीम अली व हुमायून अब्दुलअली यांनीं १९३६ ते १९३९ या काळांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत क्रमशः प्रसिद्ध केली. त्या काळीं पक्ष्याची खात्रीची ओळख पटवावयाची म्हणजे तो बंदुकीनें पाडून त्याचें कातडें जपून ठेवावयाचें, अशीच अभ्यासकांची रीत होती.

वास्तविक दूरचें टिपणारें भिंग १८९१ मध्येंच निघालें होतें. इंग्लंडांत डॉलमेयर, जर्मनींत मीथे व स्टाइनहाइल यांनीं तें एकाच वर्षीं स्वतंत्रपणें सिद्ध केलें. पुढें बहिर्वक्र भिंगें आणि मागें अंतर्वक्र, अशी त्याची घडण. त्यामुळें कॅमेऱ्याची लांबी बेताची राहून प्रतिमा मात्र मोठी उमटते. पण ही मोठाई फुकटची नव्हती. प्रतिमा तिप्पट केली कीं तोच प्रकाश नऊपट जागेवर पसरे, आणि काचेवर तो नऊपट वेळ पडूं द्यावा लागे. देवळाचें शिखर तेवढा वेळ थांबतें. खंड्या कशाला थांबेल? म्हणून पक्ष्यांचीं चित्रें घेणारे घरट्याजवळ आडोसा करून, साध्याच भिंगानें आपलें काम साधीत.

पुढें जलद फिल्म आली, भिंगांतूनच पाहतां येईल असे आरशाचे कॅमेरे आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आवर घातला, १९९१ च्या दुरुस्तीनें ती जवळजवळ बंदच केली. बंदुकीची जागा भिंगानें घेतली खरी, परंतु नेम शिकणें कांहीं चुकलें नाहीं. हें भिंग पक्ष्याबरोबर हाताचा कंपही मोठा करतें. चारशे मिलिमीटरचें भिंग हातीं धरावयाचें तर सेकंदाच्या चारशेव्या भागाहून अधिक वेळ देऊं नये, हा त्यावरचा जुना अडाखा. शिवाय मधली हवाही चित्रांत उतरते! दमट धुरकट क्षितिज, तापलेल्या चिखलावरची थरथर, यांपुढें किमती भिंगही हरतें.

भांडुप-मुलुंडच्या पूर्वेस ठाण्याच्या खाडींत थंडी-उन्हाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ मध्यें तेथें त्यांच्यासाठीं अभयारण्य जाहीर झालें. ओहोटीस थवे चिखलावर दूर पांगतात, आणि पाणी चढूं लागलें कीं काठाकडे सरकतात. तेव्हां जाणता चित्रकार भिंगाआधीं पंचांग काढतो. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोळ्यांचा ढोबळ हिशेब. अष्टमीस ती सहाच्या सुमारास, म्हणजे पुरता उजेड होईतों पाणी उतरूं लागलेलें. दशमी-एकादशीस मात्र ती आठाच्या आसपास येते. तेव्हां कोंवळें ऊन आणि चढतें पाणी एकाच वेळीं सांपडतें.