ऑ साबलची होडी

मिशिगन राज्याच्या उत्तर भागात ग्रेलिंग नावाच्या लहानशा गावाजवळून वाहणाऱ्या ऑ साबल नदीवर, प्रवाहाबरोबर होडी सोडून दिवसभर मासे, आज मुख्यतः ट्राउट, गळाने धरीत जाण्याची जी वहिवाट गेली दीडशे वर्षे चालत आली आहे, तिचे मर्म समजून घ्यावयाचे तर आरंभ त्या नदीच्या होडीपासूनच करावा लागतो. ही होडी सुमारे 24 फूट लांब, रुंदीला 3 फुटांच्या आतबाहेर आणि तळाला सपाट असते; वीतभर पाण्यातूनही ती सहज निघून जाते. पुढच्या आसनावर शौकीन बसतो, अगदी मागच्या टोकाशी वाटाड्या बसतो किंवा उभा राहतो, आणि टोकाला धातू बसविलेली लांब काठी नदीच्या तळाशी टेकून, आमच्या कोकणातल्या खाडीत तरीवाला जसा बांबूने होडी रेटतो, तशी तो ही होडी वळवितो. परंतु त्याचे खरे कौशल्य होडी चालविण्यापेक्षा ती थोपविण्यात दिसते. मागच्या बाजूने एक साखळी पाण्यात सोडलेली असते. ती तळाच्या खड्यांवर घासत गेली की होडीचा वेग प्रवाहाहूनही मंद होतो, आणि काठावरून ओणवलेल्या सीडरच्या फांद्यांखाली किंवा बुडालेल्या एखाद्या खोडाच्या आडोशाला, जिथे मासा प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहिलेला असतो, तिथे पिसांची आणि दोऱ्याची बनविलेली कृत्रिम माशी नेमकी टाकण्यास पुढच्या माणसाला सवड मिळते. साखळीचा तो बारीक खरखराट होडीच्या लाकडातून बसलेल्याच्या पायांपर्यंत पोहोचतो.

अशी होडी ह्याच नदीवर घडली, ह्याला नदीची प्रकृती कारण आहे. हिमयुगाच्या अखेरीस माघार घेणाऱ्या हिमनद्यांनी ह्या मुलखात रेतीचे आणि खड्यांचे प्रचंड थर टाकून ठेवले. त्यांच्यावर पडलेले पावसाचे व बर्फाचे पाणी जमिनीवरून धावत न सुटता आत जिरते, आणि तेच पुढे शीतल झऱ्यांच्या रूपाने नदीच्या काठांतून आणि तळातून बाहेर येते. म्हणून ऑ साबल पावसाळी नद्यांप्रमाणे फुगत नाही आणि उन्हाळ्यात आटतही नाही. ह्युरन सरोवराला ऑस्कोडा येथे मिळेपर्यंतच्या तिच्या बऱ्याचशा वाटेवर पाणी स्वच्छ, थंड आणि वर्षभर जवळजवळ सारख्या मापाचे राहते.

ह्या पाण्यात एके काळी ट्राउट नव्हता, ही गोष्ट आज तिथे गळ टाकणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. इथला मूळ रहिवासी ग्रेलिंग हा मासा. पाठीवर शिडाप्रमाणे उभा राहणारा मोठा पर आणि त्यावर जांभळ्या-तांबूस ठिपक्यांची नक्षी, असे त्याचे रूप होते. एडवर्ड ड्रिंकर कोप ह्या प्राणिशास्त्रज्ञाने 1865 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि 1870 च्या दशकाच्या आरंभी रेल्वेचा फाटा ह्या अरण्यात शिरला तेव्हा त्याची कीर्ती पूर्वेकडच्या शहरांत पोहोचली. स्टेशनाच्या गावाचे पहिले नाव मागे पडून माशाचेच नाव गावाला मिळाले. फिलाडेल्फियाचे थॅडियस नॉरिस, जे स्वतः गळाच्या काठ्या बनवीत आणि ज्यांचा मासेमारीवरील ग्रंथ अमेरिकेत प्रमाण मानला जाई, ते ह्याच दशकात इथे आले. बे सिटीचे डॅनियल फिट्झह्यू ह्यांच्यासारखे जाणकार आले. आणि त्यांच्यामागोमाग हौशी प्रवाशांची रीघ लागली. ग्रेलिंग भोळा मासा होता. एकाच दोरीला दोन-तीन माश्या बांधल्या, तर एका फेकीत दोन-तीन मासे लागावेत, इतक्या उत्सुकतेने तो वर येई.

पाहुण्यांना हिंडविण्याचे काम ज्यांच्याकडे आले, त्यांत ओजिब्वे जमातीचे डेव्हिड शॉपनेगन्स ह्यांचे नाव सर्वांत मोठे आहे. 1819 आणि 1836 च्या तहनाम्यांनी इथल्या ओजिब्वे व ओटावा लोकांच्या हातून बहुतेक सारा मुलूख सरकारजमा झाला होता. अशा काळात शॉपनेगन्स ह्यांनी वाटाड्या, शिकारी आणि वल्ही व होड्या घडविणारा कारागीर म्हणून जो लौकिक मिळविला, तो 1911 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत उणावला नाही, आणि गावातल्या खाणावळीला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. ज्यांच्या पूर्वजांची ही नदी होती, त्यांनीच परक्यांना ती दाखवावी आणि त्याबद्दल रोजी घ्यावी, ह्या घटनेकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते.

त्या वेळच्या होडीत एक विशेष योजना असे. पुढच्या आसनाखाली लाकडी खण करून त्याच्या भिंतींना भोके पाडीत, म्हणजे नदीचे पाणी आत खेळते राही आणि पकडलेले मासे दिवसभर जिवंत राहात. शौकीन आपल्या शिकारीवर अक्षरशः बसलेला असे. तो खण भरल्याखेरीज दिवस संपला असे कोणी मानीत नसे, आणि मासे बर्फात घालून शिकागोच्या उपाहारगृहांकडे रवाना होत. अधाशीपणाचा दोष त्या पिढीला द्यावाच लागेल. तथापि केवळ गळाने ग्रेलिंगचा निर्वंश झाला नसता.

तो झाला लाकडामुळे. ऑ साबलच्या दोन्ही काठांवर व्हाइट पाइनची जी अरण्ये उभी होती, ती 1860 नंतरच्या चाळीस वर्षांत कापली गेली. ह्या उद्योगाची शिस्त पाहिली म्हणजे मन थक्क होते. तोड हिवाळ्यात होई. वाटांवर मुद्दाम पाणी शिंपून बर्फ धरवीत, आणि त्यावरून घोड्यांच्या घसरगाड्यांतून ओंडके नदीकाठी आणून रचीत. प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर घणाने मालकाची खूण ठोकलेली असे, आणि ती खूण सरकारी दप्तरात रीतसर नोंदवावी लागे, कारण वसंतात बर्फ वितळून हजारो ओंडके नदीत लोटले गेले की कोणाचा माल कोणता हे ठरविण्याला ह्या ठशाखेरीज दुसरा पुरावा उरत नसे. मुखाशी, ऑस्कोडाजवळ, पाण्यात अडसर घालून तो सारा माल अडवीत, खुणेप्रमाणे वेगळा करीत आणि ज्याच्या त्याच्या गिरणीकडे सोडीत. ओंडक्यांबरोबर चालणाऱ्या मजुरांना शिधासामग्री पोहोचविण्यासाठी अशाच लांब, सपाट होड्या वापरीत, आणि शौकिनांची होडी त्यांच्यावरूनच बेतली गेली, असे सांगतात. ज्या व्यवसायाने ही होडी दिली, त्याच व्यवसायाने त्या होडीतला मासा नेला.

ग्रेलिंगची वीण वसंतात होते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत ओंडक्यांचा लोंढा खड्यांच्या तळावरून घासत जाई. जी अंडी त्यातून वाचत, ती उघड्या पडलेल्या काठांवरून सुटलेल्या रेतीखाली गाडली जात. डोईवरची सावली गेल्यामुळे पाणी तापू लागले. भरीस भर म्हणून फिट्झह्यू ह्यांनी 1876 मध्ये कॅलिफोर्नियातील मॅक्लाउड नदीचे रेनबो ट्राउट इथे आणून सोडले, आणि त्यांच्यामागून ब्रुक ट्राउट आला. ब्राऊन ट्राउटची कथा तर दोन खंडांची आहे. जर्मनीतून फॉन बेअर ह्या सरदाराने 1883 मध्ये अमेरिकेचे मत्स्यतज्ज्ञ फ्रेड मेदर ह्यांच्याकडे अंडी पाठविली. त्यांपैकी काही मिशिगनमधील नॉर्थव्हिल येथे उबवून 1884 च्या एप्रिलमध्ये पेर मार्केट नदीच्या बाल्डविन ह्या उपनदीत पिले सोडण्यात आली, आणि पुढे हा मासा ऑ साबलसह साऱ्या देशात पसरला. काश्मीरच्या दरबारी पाण्यात 1900 च्या सुमारास विलायती ट्राउट रुजविला गेला, तोही ह्याच प्रवृत्तीचा भाग होता. आपल्या आवडीचा मासा पृथ्वीच्या वाटेल त्या नदीत घालण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी त्या युगाची श्रद्धा होती. नव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर ऑ साबलमध्ये ग्रेलिंग उरला नाही, आणि 1930 च्या दशकात मिशिगनमधून तो सर्वस्वी नाहीसा झाला.

लाकूडही संपले. 1911 च्या जुलैत लागलेल्या आगीत ऑस्कोडा आणि शेजारचे ऑ साबल ही दोन्ही गिरण्यांची गावे जळून गेली. त्याच वर्षापासून खालच्या खोऱ्यात विजेसाठी एकामागून एक सहा धरणे उभी राहिली, आणि नदीचा तो भाग जलाशयांच्या साखळीत बदलला. वरचा भाग मात्र मोकळा राहिला. तिथे दुय्यम जंगल वाढले, काठ पुन्हा झाकले गेले, आणि वाटाड्यांनी ग्रेलिंगऐवजी ट्राउटसाठी त्याच होड्या पाण्यात लोटल्या. जूनच्या अखेरीस रात्री निघणाऱ्या हेक्स नावाच्या मोठ्या जलकीटकांचा हंगाम हे ह्या नव्या काळाचे पर्व ठरले. ह्यांच्या अळ्या चिखलात बिळे करून दीर्घकाळ राहतात, आणि उबदार रात्री पंख फुटून पृष्ठभागावर येतात. एरवी दिवसा दर्शनही न देणारे मोठे ब्राऊन ट्राउट तेव्हा काळोखात वर येऊन त्यांचा फडशा पाडतात. वाटाड्या दिवा न लावता होडी उभी करून ठेवतो, आणि मासा कुठे आहे हे दोघेही केवळ कानांनी ठरवितात.

ह्या वहिवाटीचा अर्थ बदलला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. नॅश-केल्व्हिनेटर कंपनीचे प्रमुख राहिलेले जॉर्ज मेसन 1954 मध्ये वारले, तेव्हा नदीच्या दक्षिण फाट्यावरील सुमारे 1500 एकर जमीन त्यांनी मृत्युपत्राने राज्याला दिली. ती कधी विकू नये, अशी अट त्यांनी घातली होती. 1959 च्या जुलैत ग्रेलिंगजवळ नदीकाठच्या जॉर्ज ग्रिफिथ ह्यांच्या घरी 16 जण जमले आणि त्यांनी ट्राउट अनलिमिटेड ही संस्था स्थापिली. त्यांचे म्हणणे त्या काळी विपरीत वाटणारे होते. सरकारने हौदांत वाढविलेले मासे दरसाल नदीत ओतावेत आणि लोकांनी ते आठवड्याभरात काढून न्यावेत, हा शिरस्ता बंद करावा. नदी निरोगी ठेवली तर मासे ती स्वतः पोसते, असे ते सांगत. ही भूमिका आज अनेक राज्यांच्या धोरणात उतरली आहे, आणि माझ्या मते मिशिगनने उरलेल्या जगाला दिलेल्या विचारांत तिचे स्थान मोटारींच्या कारखान्याहून खालचे नाही. ग्रेलिंगच्या खालचा काही मैलांचा पट्टा आता केवळ कृत्रिम माशीसाठी राखून ठेवलेला असून तिथे धरलेला प्रत्येक मासा सोडून द्यावा लागतो. आसनाखालच्या खणाला तिथे काही काम उरलेले नाही.

गावातला मत्स्यबीज कारखाना लाकडाचे व्यापारी रास्मस हॅन्सन ह्यांनी 1914 मध्ये काढला, तो नाहीशा होणाऱ्या ग्रेलिंगला परत आणण्याच्या आशेने. ती आशा फळली नाही. पुढे शंभर वर्षांनी त्याच हौदांत विक्रीचे मासे मोठ्या प्रमाणावर वाढविण्याचा बेत झाला, तेव्हा नदीच्या पाण्याची चिंता वाहणाऱ्या मंडळींनी दावा लावला, आणि अखेरीस तो बेत मागे पडला. ग्रेलिंगचा प्रयत्न मात्र पुन्हा सुरू झाला आहे: 2016 मध्ये मिशिगन सरकार आणि ओटावा लोकांची लिटल रिव्हर बँड ही जमात ह्यांनी संयुक्त योजना आखली, आणि 2019 मध्ये अलास्कातील चेना नदीच्या ग्रेलिंगची अंडी राज्यात आणली गेली. ह्या वेळी निर्णयाच्या बैठकीत ओटावा जमात पाहुणी म्हणून बसलेली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

डेट्रॉइटच्या परिसरात मोटारधंद्याच्या निमित्ताने पुष्कळ मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत, आणि तिथून ग्रेलिंग सुमारे 200 मैलांवर, मोटारीने तीन तासांच्या वाटेवर आहे. त्यांना माझी विनंती आहे की, जूनमध्ये एकदा तिकडे जावे. परंतु नदीवर जाण्यापूर्वी गावाच्या उत्तरेस हार्टविक पाइन्सची राई पाहावी. कॅरेन हार्टविक ह्यांनी 1927 मध्ये राज्याला दिलेल्या जमिनीत कुऱ्हाडीतून सुटलेले व्हाइट पाइन अजून उभे आहेत, आणि सारे खोरे एके काळी कसे होते हे त्यांच्याखाली उभे राहिल्यावाचून समजत नाही. मग राज्याचा मासेमारीचा परवाना काढावा, भाड्याची कनू न घेता एखाद्या जुन्या वाटाड्याची होडी ठरवावी, आणि त्याला नदीबद्दल विचारावे. ती माणसे बोलायला लागली की बहुधा माशांपासून आरंभ करीत नाहीत, लाकडापासून करतात.