पेज विकत का मिळत नाही?

इंग्रजीतला 'काँजी' हा शब्द आज हाँगकाँग-सिंगापूरकडच्या चिनी न्याहारीचं नाव म्हणून जगभर चालतो. पण तो चिनी नाही. चिनी लोक त्या पदार्थाला 'चोऊ' म्हणतात, कँटनी बोलीत 'जूक'. 'काँजी' आपल्या दक्षिणेतला, तमिळ-मल्याळममधल्या 'कंजी'वरून आलेला. पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतला आणि पुढे चीनमध्ये तसाच पातळ भात दिसला तेव्हा त्यालाही तेच नाव लावून टाकलं. पोर्तुगालात आणि ब्राझीलमध्ये आजही आजाऱ्याला कोंबडीच्या रश्शात शिजवलेला पातळ भात देतात, त्याचं नाव 'कांजा'. म्हणजे दोन महासागर ओलांडून गेलेला हा शब्द, आणि त्याच्यामागचा पदार्थ आमच्या सुधागड तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवर चुलीवर दिसेल असा. आमच्याकडे त्याला पेज म्हणतात.

या शब्दाच्या मागे लागलं की पहिला मोठा थांबा गोव्यात येतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत, म्हणजे 1568 पर्यंत, इथेच राहिला. त्याचा औषधींवरचा संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक. त्यात पटकीच्या रोगावर इथले वैद्य काय उपचार करतात ते त्याने लिहून ठेवलं आहे : तांदळाचं गाळलेलं पाणी मिरी आणि जिरं घालून पाजतात, त्याला 'कांजे' म्हणतात. आपली आजी पोट बिघडल्यावर जे करायची तेच हे. त्या रोगासाठी पोर्तुगीजांनी वापरलेला शब्द तर अस्सल आपला आहे. आपली 'मोडशी' त्यांच्या तोंडी 'मोर्देशी' झाली, आणि फ्रेंचांनी तिचं पार 'कुत्र्याचं मरण' अशा अर्थाचं रूप करून टाकलं. ओर्ताचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. तो मूळचा ज्यू कुळातला. मृत्यूनंतर बारा वर्षांनी, 1580 साली, इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र युरोपभर वाचलं गेलं.

आपल्या 'पेज' शब्दाचं मूळही वैद्यकातच आहे. संस्कृतातली 'पेया', म्हणजे पिण्याजोगी. आयुर्वेदात मंड, पेया, विलेपी अशी पातळपासून दाट होत जाणारी चढण आहे. शोधनानंतर मंदावलेला अग्नी हळूहळू पेटवायचा तर माणसाला याच क्रमाने अन्नावर आणतात. पेया ही त्यातली अलीकडची पायरी. पण वैद्याच्या ग्रंथात चार दिवसांपुरती असलेली ही पायरी कोकणातल्या कष्टकऱ्याच्या वाट्याला जन्मभरासाठी आली. आजाऱ्याची कण्हेरी, बाळंतिणीची आटवल, तूप-मेतकुटाचा गुरगुट्या भात ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. त्यातल्या गुरगुट्या भाताला पुस्तकांत, आठवणींत, कौतुकाच्या लेखांत जागा मिळाली. पेजेला फारशी नाही.

इंग्रजांच्या राज्यात हा शब्द आणखी खाली उतरला. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात 'काँजी हाउस'चा अर्थ पलटणीतली कोठडी असा दिला आहे, कारण आत कोंडलेल्याला कांजीवर ठेवायचे. हिंदी मुलखात 'कांजी हाऊस' म्हणजे मोकाट गुरांचा कोंडवाडा. विदर्भातही तो शब्द रुळला, नागपुरात तर त्या नावाचा चौक आहे. वैद्याच्या वाटीतून निघालेला शब्द कैद्याच्या थाळीत आणि तिथून गुरांच्या गोठ्यात गेला.

मला ज्या प्रश्नाने गेली काही वर्षं धरून ठेवलं आहे तो शब्दाचा नाही, विक्रीचा आहे. पाली हे बल्लाळेश्वराचं गाव. अष्टविनायकांच्या यात्रेमुळे इथे खाण्याचा धंदा बारमाही. चतुर्थीला तर उभं राहायला जागा नसते. पोहे, मिसळ, वडापाव, भजी, उकडीचे मोदक, राईसप्लेट, डोसा सगळं मिळतं. तालुक्यात घरोघर जी शिजत आली ती पेज मात्र एकाही पाटीवर नाही, आणि पूर्वी असल्याचंही मला कुणी सांगितलेलं नाही. चीनमध्ये आणि चिनी माणूस जिथे जिथे गेला तिथे हाच पदार्थ गाड्यांवर, टपऱ्यांत, दुकानांत विकला जातो. तिथल्या गरिबाने तो विकत घेतला आणि आमच्याने घेतला नाही, असं का?

सोपं उत्तर असं की जे घरी फुकट मिळतं त्याला पैसे कोण देईल. पण भाकरीही घरीच होते आणि झुणका-भाकर विकली जाते. तेव्हा एवढ्यावर भागत नाही.

एक धागा जमिनीकडे जातो. कुलाबा जिल्हा (1981 पासून रायगड) भाताचा जिल्हा. इथला तांदूळ नागोठणे, धरमतरच्या खाड्यांतून मुंबईला जायचा. आमची अंबा नदी याच वाटेने समुद्राला मिळते. पण भात पिकवणारा भात खात होता असं नाही. खोती मुलखात भाताच्या जमिनीवर अर्धेल, म्हणजे निम्मं पीक खोताचं. डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर तिर्धेल. शिवाय वेठ वेगळी. उरलेल्या भातातून देणी वारली की हातात राहायची ती कणी, नाचणी आणि वरी. पेज ही त्या हिशेबाची बाकी आहे. मूठभर कण्यांत पाच-सहा माणसांचं पोट भरायचं तर पाणी वाढवणं हा एकच उपाय. पेजेचा पातळपणा बघून घराची अवस्था कळायची. आषाढ-श्रावणात, जुनं संपलेलं आणि नवं यायला अवकाश असलेल्या दिवसांत, ती सगळ्यात पातळ.

याच जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी 27 ऑक्टोबर 1933 रोजी कुळांची सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरलं. संप 1939 पर्यंत चालला. सहा पावसाळे शेतं पडीक राहिली. जंगलातला लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून लोकांनी ती वर्षं काढली. डॉ. आंबेडकर तिथे येऊन गेले आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. आमची पाली तेव्हा भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात, त्यामुळे चरीचा वणवा इथे थेट आला नाही. चरीच्या संपावर बरंच लिहिलं गेलं आहे. पण हा संप तांदूळ कुणी खायचा यासाठीही होता, हे वाक्य ठळकपणे लिहिलेलं मी अजून वाचलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

दुसरा धागा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मराठीत 'खरकटं' हा शब्द आहे. आज त्याचा अर्थ ताटातलं उरलेलं असा आपण घेतो. जुन्या सोवळ्या घरांत पाण्यात शिजलेला भात मुळातच खरकटा. त्याला हात लागला की धुवायचा, तो जिथे सांडेल ती जागा पुसायची. तळलेल्याचं तसं नाही. तेला-तुपातलं अन्न प्रवासाला चालायचं, देवाणघेवाणीला चालायचं, परक्या हातचंही अनेकदा चालवून घेतलं जायचं. उत्तरेकडे यालाच कच्चं आणि पक्कं अन्न म्हणतात. म्हणजे आपल्याकडे रस्त्यावर विकायला जे निघालं ते तळलेलं : भजी, वडा, शेव, जिलबी. शिजवलेला भात, त्यातही निम्मं पाणी असलेला, एका भांड्यातून चार जातींच्या माणसांना वाढणार कोण आणि घेणार कोण?

हे मी हवेत बोलत नाही. पालीहून महाड फार लांब नाही. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर परिषदेचे लोक मंडपात परतले. काही जण जेवत होते. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून जमाव मंडपावर चालून आला, माणसांना मारहाण झाली, आणि शिजवलेलं अन्न मातीत मिसळलं गेलं. तळ्यावरचं पाणी सगळ्यांना आठवतं, मातीतलं ते अन्न फार कमी जणांना. ज्या जिल्ह्यात तळ्यातल्या ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे पाण्यात शिजलेली पेज बाजारात मांडायचं कुणाच्या मनात येणार!

मुंबईत गेलेल्या कोकणी गिरणी कामगाराला खानावळी मिळाल्या, पण त्या बहुतेक गावावाल्याच्या, जातवाल्याच्या बाईने घरात चालवलेल्या. तिथेही महिन्याचे पैसे मोजणाऱ्याला डाळ-भात-कालवण हवं असायचं. पेज मागे गावी राहिली. पैसे देऊन पुन्हा तेच खायचं तर गाव सोडलं कशाला, असा तो हिशेब.

चिनी काँजी मी खाल्ली ती सिंगापूरला, भाचीकडे गेलो होतो तेव्हा. तिच्या इमारतीखालीच तिथे 'हॉकर सेंटर' म्हणतात तसं मोठं छप्पर होतं, आत ओळीने गाळे आणि मध्ये सामाईक टेबलं. टेबल अडवायचं तर लोक त्यावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवून रांगेला जातात, आणि ते पाकीट कुणी हलवत नाही. आपल्या एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालाचं हे सुधारलेलं रूप. काँजीच्या गाळ्यावर सकाळी आठला रांग होती. हमाल वाटावेत असे दोघे, शाळेची मुलं, टाय लावलेला एक जण, पुष्कळ म्हातारे. वाडगाभर काँजी तिथल्या स्वस्तातल्या न्याहारीपैकी. आमच्या पेजेत दाणा आणि निवळ वेगळी राहतात. ही इतकी आटवलेली की दाणा विरून खिरीसारखी झालेली. वर आल्याच्या बारीक काड्या, पातीचा कांदा, पांढरी मिरपूड. सोबत तळलेल्या पिठाच्या हातभर लांब जोड-कांड्या, गाळेवालीने कात्रीने कापून दिलेल्या. त्या काँजीत बुडवून खायच्या. माझ्या कोकणी जिभेला सुक्या जवळ्याची आठवण झाली, पण पहिल्या दोन घासांनंतर तक्रार उरली नाही.

त्या कांडीला कँटनी बोलीत जे नाव आहे त्याचा अर्थ 'तेलात तळलेलं भूत'. तिच्यामागे दंतकथा आहे. बाराव्या शतकात सुंग दरबारातल्या छिन ह्वेइ नावाच्या प्रधानाने युए फेइ या लोकप्रिय सेनापतीला खोट्या आरोपावरून मारवलं. लोकांना प्रधानाचं काही करता येईना, तेव्हा एका खाद्यवाल्याने पिठाच्या दोन पट्ट्या, एक प्रधान आणि एक त्याची बायको, एकमेकांना चिकटवून तेलात सोडल्या. सेनापतीचा वध 1142 सालचा, हा इतिहास. बाकी गोष्ट लोकांनी आपल्या समाधानासाठी रचलेली दिसते. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते निराळंच. तळलेलं आणि शिजवलेलं तिथे एकाच वाडग्यात नांदतं. आपल्याकडे भजी चौकात आणि पेज माजघरात अशी फारकत झाली.

सिंगापूरचं हे चित्र आपोआप उगवलेलं नाही. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची सरकारने नोंदणी केली, 1971 पासूनच्या पंधराएक वर्षांत नळ, गटार, टेबलं असलेल्या छपरांखाली त्यांना जागा दिल्या. 2020 साली युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. भेद तिथेही आहेत. उष्टी ताटं परत ठेवायचे हलाल आणि बिगरहलाल असे दोन वेगळे कट्टे मी पाहिले. पण टेबल एकच.

आपल्याकडेही सरकारने स्वस्त अन्न विकून पाहिलं आहे. 1995 साली युतीच्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली, जानेवारी 2020 मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. एक देशावरचं जेवण, दुसरी राईसप्लेटची धाकटी बहीण. कोकणातली पेज यातल्या कुणाला सुचली नाही, कोकणातल्या पुढाऱ्यांनाही नाही. आणि पालीच्या चौकात आता चायनीजची गाडी आहे, तिच्यावर लाल नूडल्स, मंचुरियन आणि चायनीज भेळ मिळते. चीनमधल्या सर्वात साध्या न्याहारीचा तिथे पत्ता नाही. मुंबईत माझगावला कँटनी खलाशांनी 1919 साली बांधलेलं देऊळ अजून उभं आहे. त्या वस्तीतल्या घरांत जूक शिजतच असणार, पण हॉटेलांच्या वाटेने महाराष्ट्रभर पसरलं ते मंचुरियन. आपल्या घरातलं गरिबीचं अन्न पाहुण्यापुढे ठेवायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

पेजेचा तांदूळही बदलला. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य मिळतं, आणि कातकरी वाड्यांवर भुकेचा जुना श्रावण बराच हटला, ही लहान गोष्ट नाही. पण त्या तांदळाची पेज गावठी कण्यांसारखी होत नाही असं म्हाताऱ्या बायका सांगतात. त्यात मध्यंतरी पोषक द्रव्यं घातलेले दाणे मिसळले जाऊ लागले. धुताना ते वर तरंगतात म्हणून प्लास्टिकचा तांदूळ आला अशी आवई मध्यंतरी उठली होती आणि काही घरांनी ते दाणे वेचून फेकले. खारजमिनीतले काळा राता, भुरा राता असे लाल तांदूळ पनवेलच्या संशोधन केंद्रामुळे टिकले, पण आमच्या बाजारात ते क्वचितच दिसतात.

कोकणातल्या काही नव्या रिसॉर्टांत न्याहारीला मातीच्या वाडग्यात पेज मिळू लागली आहे असं ऐकतो, तेव्हा मला आनंद होतो आणि थोडा रागही येतो. राग पेजेच्या किमतीचा नाही. तिला आता 'पारंपरिक' म्हटलं जातं, आणि ती पातळ का होती हे कुणी सांगत नाही.

गेल्या आवणीत आमच्या बाजूच्या शेतावर मजुरी ठरताना मी उभा होतो. रोजावर न्याहारी काय, असा प्रश्न निघाला. शेतमालकाने हौसेने सांगितलं की घरची पेज आणि सुकट आणतो, जुन्या पद्धतीने. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातली वयाने मोठी होती तिने इरलं खाली ठेवलं आणि माणशी दोन वडापाव मागितले.