पावतीवर शिक्का कोणाचा? कोर्ट रिसीव्हर आणि भाड्याचं घर

आजचा भाग सुरू होतो एका पत्र्याच्या डब्यापासून. डोंबिवलीत माझ्या आजीकडे चाळीच्या जुन्या भाडेपावत्या आहेत. बरीच वर्षं पावतीवर घरमालकाचं नाव दिसतं आणि मग एका महिन्यापासून शिक्काच बदलतो: 'रिसीव्हर'. मी विचारलं, "आजी, मालकाने चाळ विकली का गं?" ती म्हणाली, "नाही रे, भावाभावांत कज्जा लागला. मग भाडं कोर्टाचा माणूस न्यायला लागला."

तर हा कोर्टाचा माणूस म्हणजे कोण?

कल्पना मूळची इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टातली. दोघं भांडत असताना मालमत्तेची वाट लागू नये म्हणून ती तिसऱ्याच्या ताब्यात द्यायची. इंग्रजांबरोबर ही पद्धत इकडे आली आणि 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 40 म्हणून पक्की झाली. मुंबई हायकोर्टाचं तर स्वतःचं कायमचं कोर्ट रिसीव्हर कार्यालय आहे. पण ठाणे, कल्याणच्या दिवाणी कोर्टालाही रिसीव्हर नेमता येतो. वाटणीचा दावा असेल, भागीदारी मोडली असेल, तर तो भाडं गोळा करतो, डागडुजी बघतो, दावे लढवतो आणि कोर्टाला हिशोब देतो.

आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर त्याला अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस मिळतो, मालकी नाही. आणि प्रत्येक परमिशन कोर्टाच्या ऑर्डरमधूनच येते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता यात भाडेकरूचं काय? 1947 चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा 13 फेब्रुवारी 1948 ला लागू झाला. त्याने प्रमाणभाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून टाकलं. त्यामुळे भाडं राहिलं नाममात्र आणि जमिनीची किंमत मात्र चढत गेली. भावंडांची भांडणं भाड्यापेक्षा जमिनीसाठी होऊ लागली, यात नवल ते काय! दावा वर्षानुवर्षं चालतो, आणि प्रत्येक पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावते तेव्हा आत राहणाऱ्यांनाच घाम फुटतो.

या कायद्यात एक गंमत आहे. 'घरमालक' कोण, याच्या व्याख्येत दुसऱ्यासाठी भाडं घेणारा रिसीव्हरही येतो. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते तसंच आहे. म्हणजे कोर्टाने अधिकार दिला असेल, तर घर खाली करण्याचा दावा रिसीव्हरही लावू शकतो. सवयीने भाडं एखाद्या भावाच्या हातात दिलंत आणि रिसीव्हरकडे थकबाकी दिसली, तर पंचाईत तुमची. नव्या कायद्यात थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर 90 दिवस जाईपर्यंत दावा लावता येत नाही. तेवढ्यात भाडं चुकतं करा.

उलट बाजूही बघू. रिसीव्हरवर दावा लावायचा तर त्याला नेमणाऱ्या कोर्टाची परवानगी लागते. ती आधी घेतली नसेल, तर दावा चालू असतानाही घेता येते, असं सुप्रीम कोर्टाने 1977 मध्ये एव्हरेस्ट कोल कंपनीच्या प्रकरणात सांगितलं.

मग रिसीव्हर जुन्या भाडेकरूला सरळ बाहेर काढू शकतो का? नाही. ऑर्डर 40 मध्येच लिहिलंय की ज्याला हटवायचा हक्क भांडणाऱ्या पक्षकारांनाच आज नाही, त्याला कोर्टही या मार्गाने हटवू शकत नाही. म्हणजे आजीसारखी माणसं सुरक्षित.

धोका आहे तो नंतर आलेल्यांना. कलकत्त्यात एका मालमत्तेवर रिसीव्हर होता आणि कोर्टाला विचारल्याशिवाय भाड्याने द्यायचं नाही, असा हुकूम होता. तरी त्याने एका कंपनीला भाडेकरू म्हणून घेतलं. कृष्णकुमार खेमका प्रकरणात 1990 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते भाडेकरूपण मानलं नाही. आपल्या मुंबईत तर रिसीव्हर बऱ्याचदा माणसाला 'एजंट' म्हणून ठेवतो आणि भाड्याऐवजी 'रॉयल्टी' घेतो. पैसे दर महिन्याला जातात, पण तो भाडेकरू नव्हे. कोर्टाने सांगितलं की उठायचं.

म्हणून मंडळी, प्रश्न दोनच. तुम्ही रिसीव्हरच्या आधी आलात की नंतर? आणि नंतर आला असाल, तर कोर्टाची ऑर्डर कुठे आहे? दुकान किंवा खोली घेताना 'रिसीव्हर' हा शब्द दिसला, तर डिपॉझिट देण्याआधी ऑर्डरची प्रत मागा आणि एखाद्या वकिलाला दाखवा.

आजीने मालकाच्या नावाच्या पावत्या का जपल्या, ते मला आता कळलं. शिक्का बदलण्याआधीची शेवटची पावती तिने वेगळ्या पिशवीत घालून ठेवली आहे. मी मागच्या रविवारी तिचा फोटो काढला. तुमच्या घरी असा डबा असेल, तर तुम्हीही काढून ठेवा.

भेटू पुढच्या भागात!