खपली गहू, तांबेरा आणि ओंबीच्या एका सांध्याची गोष्ट

१/ सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या भागांत आजही थोड्याफार शेतांत खपली गहू पेरला जातो. मळणी झाली तरी त्याचा दाणा तुसातून सुटत नाही. तो वेगळा कांडावा लागतो. या चिवट तुसामागे गव्हाच्या वनस्पतीचा सुमारे दहा हजार वर्षांचा इतिहास आहे. #इतिहास #धागा

२/ प्रथम ओंबीची रचना पाहू. गहू हे गवताच्या कुळातील पीक. ओंबीच्या मधोमध एक नागमोडी कणा असतो आणि त्याच्या प्रत्येक सांध्यावर फुलांचा एक लहान झुबका बसतो. त्याला कणिशक म्हणतात. फुलातील परागण बहुधा फूल उमलण्याआधी आतच होते. त्यामुळे एखाद्या रोपात आलेला नवा गुण पुढील पिढ्यांत सहसा टिकून राहतो.

३/ रानटी गव्हाची ओंबी पिकली की हा कणा सांध्यासांध्यात तुटतो. सुटलेले कणिशक बाणाच्या टोकासारखे जमिनीत रुतते. त्याची कुसळे रात्रीच्या दमट हवेत सरळ होतात, दिवसाच्या कोरड्या हवेत वाकतात आणि दाण्याला हळूहळू मातीत ढकलतात. रोप स्वतःची पेरणी स्वतःच करते.

४/ कापणी करणाऱ्या माणसाचे मात्र यात नुकसान होते, कारण विळा लागताच दाणे विखुरतात. अधूनमधून एखाद्या रोपात जनुकीय बदल होऊन कणा न तुटणारी ओंबी येई. अशा ओंब्या घरापर्यंत अधिक पोहोचत आणि पुढच्या पेरणीत त्यांचेच बी अधिक पडे. पश्चिम आशियात, तुर्कस्तानच्या आग्नेय भागापासून जॉर्डनच्या खोऱ्यापर्यंत, हा बदल घडत गेला.

५/ याचा पुरावा उत्खननात मिळतो. आपोआप तुटलेल्या सांध्यावर गुळगुळीत व्रण राहतो, तर झोडपून तोडलेल्या सांध्यावर खडबडीत. जळून कोळसा झालेल्या अवशेषांतील अशा व्रणांच्या मोजणीवरून दिसते की हे स्थित्यंतर पूर्ण व्हायला हजाराहून अधिक वर्षे लागली. ते कोणा एकाच्या बुद्धीचे फळ नव्हते. अनेक पिढ्यांच्या कापणी-पेरणीतून ते नकळत घडले.

६/ या व्यवहारात गव्हानेही किंमत मोजली. कणा न तुटणारा गहू माणसाच्या हाताशिवाय नीट पसरू शकत नाही. शेत सोडून दिले, तर काही वर्षांत तो तेथून नाहीसा होतो. माणूस जसा गव्हावर अवलंबून राहिला, तसा गहूही माणसावर.

७/ दुसरा बदल तुसाचा. जुन्या गव्हांचे दाणे तुसात घट्ट बंद असत. प्राचीन इजिप्तचा मुख्य गहू याच जातीचा होता; ग्रीक राजवटीच्या काळात तेथे सुट्या दाण्याचा गहू रुजला. खपली हा इजिप्तमधील त्या जुन्या गव्हाच्याच जातीचा. सुट्या दाण्याने कांडण्याचे कष्ट वाचले. ते कष्ट बहुतेक घरांत स्त्रियांचे असत, त्यामुळे नव्या गव्हाकडे वळणे स्वाभाविकच होते.

८/ या जातींचे परस्परांशी नाते काय? १९१८ मध्ये जपानच्या तेत्सु साकामुरा यांनी गुणसूत्रे मोजली. एकदाणी गव्हात १४, खपलीच्या गटात २८ आणि चपातीच्या गव्हात ४२. प्रत्येक आकडा सातच्या पटीत होता. म्हणजे गव्हाच्या मोठ्या जाती वेगवेगळ्या गवतांच्या नैसर्गिक संकरातून, गुणसूत्रांची बेरीज होऊन जन्मल्या होत्या.

९/ चपातीच्या गव्हातील शेवटची १४ गुणसूत्रे कोणाची? उत्तर आले १९४४ मध्ये, एकाच वेळी दोन शत्रुराष्ट्रांतून. जपानमध्ये हितोशी किहारा आणि अमेरिकेत एडगर मॅकफॅडन व अर्नेस्ट सीअर्स एकाच निष्कर्षावर पोहोचले: शेताच्या कडेला तणासारखे वाढणारे एक रानगवत. खपलीच्या गटातील गहू आणि हे गवत यांच्या संकरातून आपला रोजचा गहू आला.

१०/ मॅकफॅडन यांचे नाव आधीच गाजले होते, ते तांबेऱ्यामुळे. तांबेरा ही बुरशी. तिचे विटकरी बीजाणू वाऱ्यावर शेकडो कोस जातात, खोडाच्या पेशींत शिरतात आणि दाण्यात जायचे अन्न मधेच शोषतात. उभे पीक काही आठवड्यांत पोकळ होते. १९१६ मध्ये या रोगाने अमेरिका आणि कॅनडातील गहू उद्ध्वस्त केला.

११/ त्याच वर्षी मॅकफॅडन यांनी साउथ डकोटात खपलीच्या गटातील एका गव्हाचा संकर रोटीच्या गव्हाशी केला. दोघांच्या गुणसूत्रांची संख्या वेगळी असल्याने असा संकर जुळणे कठीण होते. त्यातून पुढे ‘होप’ हे वाण निघाले. त्याची रोगप्रतिकारशक्ती नंतर जगभरच्या गव्हांत उतरली.

१२/ तांबेऱ्याच्या बुरशीतही अनेक वंश असतात. एका वाणाला न शिवणारा वंश दुसऱ्याला मारतो. हे वंश ओळखण्यासाठी मिनेसोटातील ई. सी. स्टॅकमन आणि एम. एन. लेव्हिन यांनी १९२२ मध्ये बारा गव्हांचा संच निश्चित केला. कोणत्या रोपावर डाग पडतात आणि कोणत्यावर नाही, यावरून वंश ठरे. त्या बारांपैकी एकाचे नाव होते ‘खपली’.

१३/ भारतात हे काम आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी केले. मैदानातल्या उन्हाळ्यात बुरशी टिकत नाही, मग दरवर्षी ती येते कोठून? उत्तरेतील हिमालय आणि दक्षिणेतील निलगिरीसारख्या थंड डोंगरांवर ती तग धरते आणि तेथून वाऱ्याबरोबर खाली उतरते, हे त्यांनी दाखवून दिले. महाबळेश्वरच्या थंड, दमट हवेत गहू तांबेरा संशोधन केंद्र उभे राहिले.

१४/ १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात तांबेऱ्याची मोठी साथ आली. अन्नटंचाई आणि रेशनिंगच्या त्या काळात देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. शेतातल्या एका बुरशीचा प्रश्न थेट ताटातल्या भाकरीपर्यंत आला.

१५/ स्टॅकमन यांचे विद्यार्थी नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तांबेऱ्याला तोंड देणारे आणि जपानी ‘नोरिन १०’ मुळे बुटके झालेले गहू घडवले. बुटके खोड भरघोस ओंबीच्या भाराने लोळत नाही. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून असे १८,००० टन बियाणे आणले. उत्पादन झपाट्याने वाढले. मात्र असंख्य देशी वाणे शेतांतून मागे सरली.

१६/ १९९८ मध्ये युगांडात तांबेऱ्याचा नवा वंश आढळला. तो ‘युजी ९९’ या नावाने ओळखला जातो. अनेक देशांच्या गव्हांचे रक्षण करणारे एक जनुक त्याच्यापुढे निष्प्रभ ठरले. प्रतिकाराचा नवा शोध सुरू झाला. जी जनुके या वंशाला काही प्रमाणात तरी रोखतात, त्यांतील एक म्हणजे ‘एसआर १३’, आणि ते खपलीतही आढळते.

१७/ सुट्या दाण्याचा गहू निवडणाऱ्यांनी चूक केली नव्हती. त्यांनी श्रम वाचवले, अधिक लोकांची पोटे भरली. पण कांडायला कठीण असलेला गहू ज्या घरांनी खिरीसाठी, शेवयांसाठी, सणासाठी पेरत ठेवला, त्यांनी नकळत एक ठेव जपली. त्यांची नावे कोणत्याही नोंदीत नाहीत. त्यांचे बी मात्र अजून उगवते.